मातृभाषेचा रकाना

“मातृभाषा?” मी विचारलं.

“मराठीच की हो,” बिराजदार बाई म्हणाल्या. त्या कोपऱ्यात उभ्या राहून खिचडीची चव घेत होत्या. मुलांच्या ताटात पडण्याआधी शाळेतल्या कुणीतरी एक घास खाऊन बघायचा आणि वहीत सही करायची, असा नियम होता. “मराठी शाळा आहे आपली. मराठी लिहा.”

“चौतीसच्या चौतीस?”

“रजिस्टरला काय आहे? बघा की. तेच उतरवा. मीठ कमी पडलंय आज.” शेवटचं वाक्य खिचडीवाल्या मावशींना होतं.

मी रजिस्टर बघितलं. इयत्ता दुसरी, चौतीस नावं. चिलवेरी, येमूल, बिटला, कोरे, शेख, राठोड, गुंडेटी, पुन्हा येमूल. प्रत्येकापुढे वळणदार अक्षरात ‘मराठी’. मी पहिल्या चौकोनात मराठी टाइप केलं, त्याचा कोपरा माऊसनं धरला आणि खाली ओढला. चौतीस मुलांची मातृभाषा अर्ध्या सेकंदात भरून झाली.

मान वर केली तर दारात मनवा उभी. हातात रिकामं ताट, शेजारी तिची मैत्रीण मणी. मणी माझ्याकडे बघत होती, मनवा स्क्रीनकडे.

“आई, तू काय केलंस आत्ता?”

“बाईंना मदत. जा, रांगेत उभी राहा. हात धुतलेस का?”

गेली.

खरं म्हणजे बाईंना मदत हे निमित्त होतं. माझ्या पर्समध्ये तेव्हा एक कागद होता. ‘माझी मुलगी कु. मनवा हिचा शाळा सोडल्याचा दाखला मिळावा,’ असा अर्ज. खाली माझी सही, तारखेची जागा मोकळी.

शेखरची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, सोलापूरला बदली झाली ती ऑगस्टमध्ये. त्या वेळी मनवा पहिलीत. शाळा सुरू होऊन दोन महिने झालेले, त्यामुळे चांगल्या म्हणवणाऱ्या सगळ्या शाळांनी पुढच्या वर्षी या म्हणून सांगितलं. घराच्या गल्लीच्या तोंडाशीच महापालिकेची शाळा होती. तात्पुरतं म्हणून तिथं नाव घातलं. ते तात्पुरतं दीड वर्ष चाललं. आता जानेवारीत एका इंग्रजी शाळेतून फोन आला होता. दुसरीतली एक मुलगी गाव सोडून चालली होती, तिची जागा त्यांनी सोमवारपर्यंत माझ्यासाठी धरून ठेवली होती. त्याआधी, म्हणजे शनिवारी, मला इथला दाखला हवा होता.

दीड वर्ष मी या शाळेवर पाळत ठेवून होते, असं म्हटलं तरी चालेल. पाण्याच्या टाकीचं झाकण लागतं की नाही, वर्गात पंखे किती, त्यातले फिरतात किती, सगळं मला पाठ होतं. रोज संध्याकाळी मनवाचं डोकं उवांसाठी तपासायचे आणि मग तिच्याकडून वर्तमानपत्रातले मथळे वाचून घ्यायचे. संख्याशास्त्रात पदवी घेतलेली बाई घरात बसली की दुसरं काय करणार? मुलीचाच आलेख काढणार. अर्ज मनातून लिहून झाला होता, फक्त स्वतःला पटवायला एखादा आकडा हवा होता. म्हणून बाई जेव्हा पालकांच्या सभेत म्हणाल्या, “सगळी माहिती ऑनलाइन भरायचीय, मला काय ते जमेना, कुणाला कॉम्प्युटर येतो का?” तेव्हा मी लगेच हात वर केला.

तो आकडा मिळाला. मातृभाषेच्या पुढचा रकाना वाचनाचा होता. शाळेनं प्रत्येक मुलाला वाचायला लावून पायरी ठरवली होती. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. चौतिसांपैकी नऊजण अक्षरावर, सोळा शब्दावर, चार परिच्छेदावर. गोष्ट वाचणारे पाच. शेकडा पंधरासुद्धा नाही.

मी एकेक नाव भरत खाली आले. एकवीस नंबरला मनवा होती.

तिच्यापुढे ‘शब्द’ लिहिलं होतं.

“बाई, इथं चूक झालीय.”

त्यांनी चष्मा लावला. “कुठं?”

“मनवा. ती गोष्ट वाचते. अहो, ती पेपर वाचते.”

“घरी वाचत असेल,” बाई म्हणाल्या. “माझ्यापुढं नाही वाचली. मी स्वतः घेतलं होतं तिचं. दोनदा घेतलं. तीन शब्द नीट, चौथ्याला अडकली.”

“घाबरली असेल.”

“मला?” बाई हसल्या. मुख्याध्यापिका त्याच, दुसरीच्या वर्गशिक्षिकाही त्याच, आणि मधल्या सुट्टीत पडलेल्या मुलाचा गुडघा धुणाऱ्याही त्याच. त्यांना कुणी घाबरत असेल असं मलाही वाटेना. “बरं, असं करू. उद्या परत घेते. तुम्ही पण या. बसा समोर.”

रात्रीच्या जेवणाला मी शेखरला सगळं सांगितलं. “बघितलंस? आपल्या मुलीला वाचता येतं हेसुद्धा कळत नाही त्यांना.”

“नाहीतर आपल्या मुलीला वाचता येत नाही, हे आपल्याला कळत नाही,” शेखर म्हणाला.

“शेखर!”

“गंमत करतोय गं. दे तो अर्ज शनिवारी, एकदाची तुला झोप लागू दे.”

मनवा भात चिवडत होती. तिच्यासमोर बोलायला नको होतं, पण ते सुचलं नंतर.

बुधवारी बाईंच्या टेबलासमोर मनवा उभी राहिली. मी भिंतीकडेच्या बाकावर. बाईंनी पुस्तक उघडून दिलं. एका खारीनं शाळेच्या खिडकीतून शेंगदाणे पळवल्याची अर्ध्या पानाची गोष्ट होती.

मनवानं आधी माझ्याकडे बघितलं. मग दाराकडे. दारात कुणी नव्हतं, पण बाहेर व्हरांड्यात मुलं बसली होती, त्यांचा आवाज येत होता.

“खा... री... नं...” ती म्हणाली आणि थांबली.

“मनवा,” मी म्हटलं. एवढंच. पण कुठल्या आवाजात म्हटलं ते तिला बरोबर कळलं. तिनं एक श्वास घेतला आणि अख्खी गोष्ट म्हणून टाकली. म्हणून टाकली असंच म्हणावं लागेल. स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही, चेहऱ्यावर काही नाही. पुस्तक मिटून टेबलावर ठेवलं.

“जाऊ?”

बाई माझ्याकडे नाही, तिच्याकडे बघत होत्या. “आजपासून तू गोष्टीच्या गटात बस हं, शेवटच्या तासाला. आत, कपाटापाशी.”

“हो बाई.”

शेवटच्या तासाला तिथं मुलं इयत्तेप्रमाणे बसत नसत, वाचनाप्रमाणे बसत. अक्षरवाले मोठ्या खोलीत, शब्दवाले व्हरांड्यात, परिच्छेद आणि गोष्टवाले बाईंच्या खोलीत. हे मला तोवर माहीत होतं, पण त्याचा विचार कधी केला नव्हता.

त्या संध्याकाळी मी शिरा केला. मनवानं दोन चमचे खाल्ले.

“आनंद नाही झाला तुला?”

“झाला.”

“मग?”

“झाला म्हटलं ना आई.”

गुरुवारी मी उरलेले रकाने भरायला गेले. वडिलांचा व्यवसाय, आईचं शिक्षण, घरापासून अंतर. बहुतेक वडील यंत्रमागावर, बहुतेक आया विड्या वळणाऱ्या. शेवटच्या तासाची घंटा झाली आणि मुलं आपापल्या जागी पांगली. खिडकीतून मला व्हरांडा दिसत होता. शब्दवाले दोन रांगांत बसले होते. मणी कडेला, भिंतीकडे तोंड करून. तिच्या शेजारची जागा रिकामी होती. बाईंनी दोनदा सरकून बस म्हणून सांगितलं, ती सरकली नाही.

बाई तिच्याजवळ उकिडव्या बसल्या. “मणी, हे वाच बरं.”

मणीनं वाचलं. हळू, पण बरोबर. “खा-र.”

“शाब्बास. खार म्हणजे काय गं?”

मणी गप्प.

“अगं, परवा सांगितलं होतंस की मला. खार! शेपटी कशी असते तिची?”

मणीनं पुस्तक मिटलं आणि गुडघ्यात डोकं घातलं. बाई आत आल्या, पाणी प्यायल्या. “काय झालंय कुणास ठाऊक. दोन दिवस तोंड उघडेना. चांगली लायनीवर आली होती.”

दुसऱ्याच्या मुलीचं ते. मी आईच्या शिक्षणाच्या रकान्यात ‘निरक्षर’ टाइप केलं.

शाळा सुटल्यावर मी मनवाला घ्यायला फाटकाशी थांबले. ती येताना दिसली, पण सरळ माझ्याकडे आली नाही. कडुनिंबाखाली मणी उभी होती, दप्तर पायाशी टाकून. मनवा तिच्यापाशी गेली, तिची वेणी मागे सारली आणि म्हणाली,

“एमैंदे?”

मला वाटलं, खेळातला काहीतरी शब्द आहे. पण मणीनं उत्तर दिलं आणि मनवा त्यावर बोलली. भराभर, हातवारे करून, मध्येच स्वतः हसून. एक मिनिट, दोन मिनिटं. त्यातला एक शब्द मला कळला नाही. माझ्या मुलीच्या तोंडचा एक शब्द मला कळत नाही, हे माझ्या बाबतीत पहिल्यांदाच घडत होतं. जिच्या केसाकेसात मी रोज बोटं घालत होते, तिच्या डोक्यात ही अख्खी भाषा होती आणि मला पत्ता नव्हता.

घरी येईपर्यंत मी काही विचारलं नाही. दूध दिलं. समोर बसले.

“तुला तेलुगू येतं?”

“थोडं थोडं.”

“कुणी शिकवलं?”

“कुणी नाही. मणीला मराठी येत नव्हतं ना पहिलीत. मग?” जणू यात विचारण्यासारखं काय आहे.

“आणि बाईंपुढे तू मुद्दाम अडखळत होतीस?”

दुधाच्या ग्लासाआड तिचा चेहरा गेला. “गोष्टीच्या गटात मणी नाही.”

“पण बाळा, तुला वाचता येतं तर...”

“मणीला पण वाचता येतं!” ग्लास खाली आला. “ती खार वाचते, उंबरठा वाचते, सगळं वाचते. फक्त ते काय असतं ते तिला माहीत नाही. मी सांगते ना हळूच. खार म्हणजे उडुता. उंबरठा म्हणजे गडपा. मग ती बाईंना सांगते. आता मी आत बसते, तर तिला कोण सांगणार? तूच मला आत पाठवलंस.”

मी रडणार नव्हते, तिच्यासमोर तर नाहीच. म्हणून कामाचं बोलले. “मणीच्या घरी तेलुगू बोलतात, तर शाळेच्या रजिस्टरमध्ये मराठी कसं?”

“तूच लिहिलंस.”

“मी?”

“मंगळवारी. एकदा लिहिलंस आणि खाली ओढलंस. मी बघितलं. मणीचं पण, शबानाचं पण, राठोडचं पण. शबाना तर हिंदीसारखं बोलते तिच्या अम्मीशी. तुला माहीत नव्हतं तर मला विचारायचंस.”

“तुला सगळ्यांचं माहीत आहे?”

“फाटकाशी सगळ्यांच्या आया येतात की,” ती म्हणाली. तिचं बोलणं हल्ली बाईंसारखं झालं होतं. “कोण कुणाशी काय बोलतं ते ऐकू येतं.”

मी पेन घेतलं. हाताशी कागद नव्हता, म्हणून पर्समध्ये हात घालून जो आला तो काढला आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर एक ते चौतीस आकडे घातले. नावं मला पाठ झालीच होती.

“एक नंबर. आदित्य कोरे.”

“घरी कन्नड. पण आजीशी मराठी. आजी लातूरची आहे.”

“दोन. अंबादास येमूल.”

“तेलुगू. त्याला ‘ळ’ म्हणता येत नव्हता, आता येतो.”

“तीन. अरुण राठोड.”

“त्यांचं वेगळंच आहे. लमाणी. त्याची बहीण पण तसंच बोलते. खूप गोड वाटतं, आई.”

अशी ती चौतिसांपर्यंत गेली. कुठं अडली नाही, कुठं अंदाजानं सांगितलं नाही. एका मुलापाशी फक्त म्हणाली, “तो कुणाशीच बोलत नाही, त्याचे बाबा आणायला येतात आणि गाडीवर बसवतात.” त्याच्यापुढे मी प्रश्नचिन्ह घातलं, तर दहा मिनिटांनी तिला आठवलं. “तेलुगू! पडला तेव्हा ‘अम्मा’ म्हणाला होता.”

अंधार पडायला लागला होता, दिवा लावायचं राहिलं होतं. मी बेरीज केली. तेलुगू पंधरा. कन्नड सहा. शबानासारखे चार. लमाणी दोन. मराठी सात.

मग मी त्याच यादीपुढे, आठवेल तशी, वाचनाची पायरी लिहिली. गोष्ट वाचणारे पाच, त्यातले चार त्या सातांतले. मनवा धरली तर सहांतले पाच. आणि शब्दावरचे ते सोळा, ज्यांच्यावरून मी शाळेला नापास करून मोकळी झाले होते? त्यातल्या बहुतेकांनी दीड वर्षापूर्वी मराठी शब्द फक्त बाजारात ऐकला होता. हे पदवीच्या पहिल्या वर्षाला शिकवतात, बेरीज करण्याआधी गट वेगळे करून बघा म्हणून. मी कोपरा धरून खाली ओढला होता.

“आई, झालं?”

“एक राहिलं. एकवीस नंबर.”

“मी?” तिनं विचार केला. खरंच केला, मान तिरकी करून. “माझं मराठी लिही. आणि कंसात तेलुगू.”

मी लिहिलं.

शुक्रवारी ती यादी मी बाईंच्या टेबलावर ठेवली. काय, कसं, ते सांगितलं. मनवाच्या अडखळण्याचंही सांगितलं. बाईंनी बोट ठेवून सगळी नावं वाचली. आदित्य कोरेपाशी हसल्या, त्या ‘अम्मा’पाशी चष्मा काढून पुसला.

“मला काय हे ठाऊक नाही असं वाटलं तुम्हाला?” त्या म्हणाल्या. “नाव घालताना मी विचारते की, घरी काय बोलता? तर आईबाप एका सुरात ‘मराठी मराठी’. भितात हो. तेलुगू म्हटलं तर तेलुगू शाळेत पाठवतील, इथं घेणार नाहीत. मी पण मग लिहिते मराठी. एवढ्याशानं मूल शाळेत येत असेल तर येऊ दे की.”

“पण मग निकाल...”

“निकाल वर जातो. वरून विचारतात, मराठी मुलांना मराठी कसं वाचता येईना?” बाई हसल्या, पण ते हसू लगेच गेलं. “माझ्या स्वतःच्या दाखल्यावर काय आहे सांगू? मराठी. अक्कलकोट तालुक्यातलं गाव आमचं. वडलांनी सांगितलं, मराठी लिहा. चौथीपर्यंत मला ‘मुंगी’ म्हणजे काय ते कळत नव्हतं, आणि मुंगीवरची कविता मात्र पाठ होती. आजही घरी आम्ही कन्नडच बोलतो.”

“मुलांना कधी कळू दिलं नाहीत?”

“नाही,” बाई म्हणाल्या. “तीस वर्षं झाली. या वर्गात कन्नड कधी बोलले नाही. चुकून फोन आला तर बाहेर जाते.”

त्यांनी बोलता बोलता कागद उलटला, मागे आणखी काही आहे का ते बघायला.

आदल्या संध्याकाळी मी कोणता कागद काढला होता ते मला त्या क्षणी आठवलं. मला वाटलं, हात पुढे करून तो काढून घ्यावा. बाईंनी अर्ज पूर्ण वाचला. ‘दाखला मिळावा’पर्यंत. सहीपर्यंत. मग कागद पुन्हा यादीच्या बाजूनं ठेवला आणि वरून पेपरवेट.

“आईबापांना विचारल्याशिवाय मला रजिस्टर बदलता यायचं नाही,” त्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या. “उद्या शनिवार. शाळा सुटताना फाटकाशी विचारू. तुम्ही असाल ना?”

“असेन.”

“कागद तोवर माझ्याकडं राहू दे?”

“राहू दे.”

शनिवारी फाटकाशी आम्ही दोघी उभ्या राहिलो. बाईंच्या हातात फाइल, माझ्या हातात पेन. शबानाच्या अम्मीनं सरळ सांगून टाकलं. राठोडांना आधी कळेना, मग त्यांनी दोनदा विचारलं, “आमचं पण लिहिणार?” आणि पोराला खांद्यावर घेतलं. मग मणीची आई आली. अनसूया तिचं नाव. काखेत विड्यांची टोपली, वर ओलं फडकं. विडी कारखान्याच्या ब्रँचला वळलेल्या विड्या द्यायला निघाली होती. एका हाताला मणी.

“मराठीच लिवा, बाई,” ती बाईंना म्हणाली. “तुमी लिवलंय तेच ठेवा. तेलुगू नको.”

“का गं?”

“तिकडल्या शाळेत पाठवत्यात. आमाला हितंच पायजे. मी कायबी शिकले नाय. हिला मराठी आलं तर बँकेत, दवाखान्यात कुटंबी जाईल.”

“कुठं पाठवत नाही,” बाई म्हणाल्या. “मी सांगते ना.”

तिनं बाईंवरून नजर काढून माझ्याकडे वळवली. “तुमी लिवताय व्हय हे? मनवाची आई ना तुमी?” मग जराशानं म्हणाली, “मणी सांगत व्हती, तुमची पोरगी जानार म्हनं. मोठ्या शाळेत.”

मणी माझ्याकडे बघत होती. तिला सगळं कळलं असणार नाही, पण ‘मनवा’ आणि ‘जानार’ कळलं असणार. मनवा कडुनिंबापाशी उभी होती, अंगठ्यानं माती उकरत. तीही बघत होती. मंगळवारी आमचं जेवताना झालेलं बोलणं तिनं मैत्रिणीला सांगितलं होतं, मला मात्र एका शब्दानं विचारलं नव्हतं. चार दिवस. म्हणजे मणीचं तोंड मिटलं ते फक्त रिकाम्या जागेमुळं नव्हतं.

“तुमी जाताय, आन् आमी तेलुगू लिवायचं?” अनसूयाच्या आवाजात राग नव्हता. खरंच विचारत होती. “तुमाला शाळा बरी नाय वाटत, तर आमाला कशी बरी?”

बाईंनी बोलायला हवं होतं, मला सोडवायला हवं होतं, पण त्या फाइलच्या दोऱ्याशी चाळा करत उभ्या राहिल्या.

“नाही जात आम्ही,” मी म्हणाले.

माझाच आवाज मला जरा मोठा वाटला. अनसूयानं माझं तोंड नीट निरखलं, घेणारीनं भाजी निरखावी तसं. मग टोपली या काखेतून त्या काखेत घेतली.

“मग लिवा तेलुगू,” ती म्हणाली.

मुलं पांगली. खोलीत परत आल्यावर बाईंनी फाइल उघडली, पेपरवेटखालचा तो कागद काढला आणि माझ्यापुढे धरला. यादीची बाजू वर. “हा ठेवू का परत देऊ?”

“यादी आहे ना तुमची.”

“आणि मागं?”

“मागचं मागंच राहू दे.”

बाईंनी कागदाला भोकं पाडली आणि तो फाइलला लावला. मी दुसरा अर्ज लिहू शकले असते. कागद घरात रगड होते, आणि सोमवार अजून परवा होता.

सोमवारी शेवटच्या तासाला बाईंनी गोष्टीचा गट उचलून व्हरांड्यात आणला. गोष्टवाल्यांनी मोठ्यांदा वाचायचं, शब्दवाल्यांनी मध्ये थांबवायचं. मी खिडकीत होते. मनवानं वाचलं, “खारीनं शेंगदाणे पळवले.” मणी म्हणाली, “उडुता!” शबाना म्हणाली, “गिलहरी!” राठोडचा अरुण काहीतरी पुटपुटला, ते कुणाला ऐकू आलं नाही, तर मुलांनी त्याला परत म्हणायला लावलं. मग कोरेचा आदित्य बोट वर करून उभा राहिला, पण त्याला शब्द सुचेना. आजीशी मराठी बोलून विसरला असेल.

बाईंनी इकडं तिकडं बघितलं. मला वाटलं त्या बाहेर जाणार.

“अळिलु,” त्या म्हणाल्या. हळूच म्हणाल्या. कन्नडवाली सहा मुलं आधी थक्क झाली आणि मग एकदम ओरडली.

आता या सगळ्याला बारा वर्षं झाली. मनवा पुण्याला कॉलेजात आहे, मणी सोलापुरातच फार्मसी करते. बाई निवृत्त झाल्या. आमच्या शेखरची पुढे दोनदा बदली झाली, दोन्ही वेळा तो एकटा गेला.

मनवा सुट्टीला आली की रोज दुपारी बाल्कनीत मणीशी फोनवर बोलत बसते. तेलुगूत. कोण मुलगा काय म्हणाला, कुणाशी भांडण झालं, आईला काय सांगायचं आणि काय नाही, सगळं तेलुगूत, खुल्या आवाजात. मी तिथंच खुर्चीत पेपर वाचत असते. कधी एखादा फारच नाजूक विषय निघाला, की मणी तिकडून काहीतरी विचारते आणि मनवा सांगते, “अम्म ईडने उन्नदि. पर्वालेदु.”

आई इथंच आहे. हरकत नाही.

त्या फाटकाशी मी पुढे तीन वर्षं रोज उभी होते, अनसूयाच्या आणि बाकीच्या आयांच्या घोळक्यात. कोण कुणाशी काय बोलतं ते ऐकू येतंच.

मी पेपरचं पान उलटते. तिला अजून सांगितलेलं नाही.